भाव न करणारं गिऱ्हाईक

मालनला नवं गिऱ्हाईक मिळालं होतं आणि त्याच्या कौतुकाने तिने घर डोक्यावर घेतलं होतं. अंधेरीच्या बाजारात मासळी विकता विकता तिचे केस पिकले, पण भाव न करणारा माणूस तिने पाहिला नव्हता. हा पोरगा पापलेट उलटंपालटं करून बघत नाही, सांगेल ते पैसे देतो, मावशी म्हणतो आणि वर लेकीच्या अभ्यासाची चौकशी करतो. असा सोन्यासारखा पोरगा आजकाल मिळतो कुठे, असं तिचं रोजचं पालुपद.

जान्हवी पुढ्यातला भात चिवडत ऐकत होती. त्या पोराचं नाव हर्षद, हे आईला ठाऊक नव्हतं, तिला होतं. तो तिच्याच कॉलेजात एमएस्सीला होता. मे महिन्यात त्याने तिला विचारलं, तिने सरळ नाही म्हटलं, आणि तेव्हापासून तो मागे लागला. लायब्ररीत समोरच्या टेबलावर तोच, घराजवळच्या वेसाव्याच्या बसस्टॉपवरही तोच. धमकी एकही नाही. नंबर ब्लॉक केला की दुसऱ्या नंबरवरून फोटो यायचा. परवाचा फोटो आईचा होता. ती सुरमई कापतेय आणि कॅमेऱ्याकडे बघून हसतेय. खाली लिहिलं होतं, 'किती भोळी आहे गं तुझी आई.'

एवढं होऊनही ती गप्प होती, आणि त्यासाठी तिला कुणी मूर्ख म्हणू नये. बाबा आणि काका होडीवरून परतले की त्याचे हातपाय मोडणार आणि कोठडीत तेच जाणार, हे तिला स्वच्छ दिसत होतं. तिचं कॉलेज बंद होणार ते वेगळंच. चुलतबहिणीचं असंच झालं होतं. छेड काढणारा गावभर उंडारत राहिला आणि तिला शिक्षण अर्धवट टाकून बोहल्यावर चढवलं. जान्हवीला बीएस्सी पुरं करायचं होतं, म्हणून ती जीव मुठीत धरून कॉलेजात जात होती.

"आयतवारी त्याला जेवाया बोलवलंय," मालन म्हणाली. "घर कुठं ते इचारीत व्हता. मी गल्लीपासून समदं सांगलं."

जान्हवीने ताट बाजूला सारलं.

दुसऱ्या दिवशी ती अनुपमा मॅडमच्या केबिनपर्यंत जाऊन जाऊन परत फिरली. कॉलेजच्या तक्रार समितीचं काम मॅडम बघायच्या. शेवटी त्याच बाहेर आल्या आणि तिला आत घेऊन गेल्या. इतके दिवस का नाही बोललीस, हे त्यांनी विचारलंच नाही, म्हणूनच ती बोलू शकली. फोटो बघताना मॅडमचा चेहरा उतरत गेला. एकही फोटो पुसायचा नाही, समितीकडे तक्रार आजच घेते, पोलिसांकडेही आजच जायचं आणि मी सोबत येणार, असं त्यांनी सांगून टाकलं.

"पण आधी आईला कळायला हवं. मी सांगू की तू?"

जान्हवी म्हणाली, मीच सांगते.

दुपारी बाजारात मालनने सगळं ऐकून घेतलं. हातातला कोयता थांबला. समोर गिऱ्हाइकं खोळंबली तरी तिचं लक्ष नव्हतं.

"मीच त्याला घर दाखवलं," ती हळूच म्हणाली.

"आये, माझं कॉलेज..."

"कॉलेज त्यानं सोडायचं. तू कशाला?"

जान्हवीला भर बाजारात रडू फुटलं आणि तिने ते आवरलंही नाही. मालनने टोपली शेजारणीच्या हवाली केली आणि हात न धुताच ती लेकीबरोबर निघाली.

पोलीस ठाण्यात अनुपमा मॅडम आधीच येऊन बसल्या होत्या. महिला अधिकाऱ्याने एकेक विचारत तक्रार लिहायला घेतली. मधेच मालनचा फोन वाजला. ताजं म्हावरं आलंय का ते विचारायला म्हणून तिनेच हौसेने हर्षदला नंबर दिला होता. अधिकाऱ्याने स्पीकर लावायची खूण केली.

"मावशी, बाजारात दिसला नाहीत." आवाज गोड, मायाळू. "म्हटलं घरी बघून यावं. तुमच्या दारातच उभा आहे. कुलूप आहे. जान्हवी पण कॉलेजात नाही. दोघी गेलात कुठे? मी थांबतो इथेच, मला घाई नाही."

अधिकाऱ्याने दुसऱ्या फोनवरून दबक्या आवाजात गाडी वेसाव्याला पाठवायला सांगितलं आणि याला बोलतं ठेवा असं हाताने खुणावलं. मग जान्हवीने फोन आपल्याकडे ओढला.

"हर्षद, थांब तिथेच," ती म्हणाली. "आम्ही येतोय."