बिनखिडकीची बाथरूम

धाकटी प्रयोगशाळेत सशांवर जंतुनाशकाची चाचणी करायची. सशाच्या पाठीवरचे केस कातरायचे, औषधाचे थेंब टाकलेली पट्टी बांधायची, आणि काही तासांनी ती सोडून कातडी लाल झालीय का, सुजलीय का ते बघायचं. हात हलका होता तिचा. ससे तिच्याकडे निमूट बसायचे.

त्या जंतुनाशकाने सशांना फारसं काही केलं नाही. किंचित लाली आली, दुसऱ्या दिवशी गेली. बाजारात आलं तेव्हा ते तिच्या ताईच्या रुग्णालयातही पोचलं. ताई तिथे वॉर्ड आणि बाथरूम धुवायची. आई गेल्यावर धाकटीला तिनेच वाढवलं, शिकवलं.

"तुझ्या हाताखालून गेलंय ना?" ताई म्हणाली. "मग मला कसली भीती? बाकीच्या बायका नाकाला फडकं बांधतात. मी त्यांना सांगते, माझ्या बहिणीच्या सशांना विचारा."

धाकटी हसली होती.

ताई ते गरम पाण्यात घालायची. गरम पाण्याने डाग लवकर निघतात म्हणून सगळ्याच घालायच्या. वॉर्डच्या बाथरूमला खिडकी नव्हती. आधी तिला रात्रीची ढास लागली. मग जिना चढताना दम लागायला लागला. डॉक्टरांनी काय काम करता विचारलं, आणि ऐकून सांगितलं, त्या वाफेमुळेच होतंय.

धाकटी तडक प्रयोगशाळेच्या साहेबांकडे गेली.

"वाफ नाकात गेली तर काय होतं, ते आपण बघितलंच नाही."

"कंपनीने कातडीची आणि डोळ्याची चाचणी मागितली होती," साहेब म्हणाले. "ती आपण चोख केली. गरम पाण्यात घालू नका असं बाटलीवर लिहिलंय."

"ताईला वाचता येत नाही."

साहेब वाईट नव्हते. त्यांनी तिला बसायला सांगितलं, पाणी मागवलं.

"ते काम सोड," असं धाकटीने ताईला किती वेळा विनवलं. "सुट्टी घेते," म्हणत ताई जात राहिली. एका सकाळी ती त्या बाथरूममध्येच कोसळली. रुग्णालयातच होती, तरी उपचार मिळेपर्यंत श्वास थांबला होता.

ताईचं दिवसकार्य झाल्यावर तिची मुलगी धाकटीकडे आली. आईच्या जागी तिला कामावर घेतलं होतं. तिच्या चेहऱ्यावर दुःख होतं आणि त्याच्या आडून थोडा दिलासाही. घर चालणार होतं.

"जाऊ नकोस," धाकटी म्हणाली.

"मग काय करू, मावशी?"

ताई आजारी पडल्यापासून धाकटीने साहेबांना, कंपनीला, रुग्णालयाला सांगून पाहिलं होतं. श्वासाची चाचणी करू, बघू, असं सगळेच म्हणत होते.

शेवटी तिने भाचीला मोरीत नेलं. बादलीत गार पाणी भरलं, औषधाचं माप दाखवलं, नाकाला फडकं घट्ट कसं बांधायचं ते दाखवलं. दार उघडं ठेव, दर थोड्या वेळाने बाहेर ये, घशात खवखवलं की कुणी काही म्हणो, काम टाकून नीघ. भाची मान डोलवत होती. फडक्याच्या वरचे तिचे डोळे थेट ताईचे होते.

"अजून एकदा बांधून दाखव," धाकटी म्हणाली, आणि गाठ तपासायच्या निमित्ताने तिच्या पाठीमागे जाऊन उभी राहिली, म्हणजे पोरीला आपलं रडणं दिसू नये.