आधी शर्ट उलटा घाला

आमच्या घरात कुणीही गाडी शिकलं, की त्याला माझ्या दिराकडून पास व्हावं लागतं. हा नियम कुणी केला ते विचारू नका, भावजींनीच केला. नवी गाडी आली आणि पहिल्याच फेरीत मी नापास झाले.

माझं शिवणाचं दुकान आहे. शाळांचे गणवेश, दवाखान्यांचे कोट, असलं घाऊक काम, आणि अधूनमधून ओळखीच्यांचे सुटे शर्ट. मी मशीनवर बसते, आमचे हे काज-बटणं करतात. माल पोचवायला भाड्याचा टेम्पो होता आणि त्याचा ड्रायव्हर 'निघालोच' असं म्हणून घरी आंघोळीला जाणाऱ्या जातीचा होता. त्याच्या नादाने तोंडघशी पडून पडून मी वैतागले आणि पन्नाशी उलटल्यावर गाडी शिकले. मग ही व्हॅन घेतली. पांढरी, मागे मोकळी, कपडे टांगायला आत दोन्ही बाजूंना दांड्या. मला ती इतकी आवडली होती की मी उगाचच जाऊन तिचं दार उघडून लावत बसायची.

आणि ही बया मोठ्या रस्त्यावर पहिल्यांदा काढली, तर डावीकडे जायला लागली. जोरात नाही. खेळण्यांच्या दुकानासमोर पोर आपलं बोट धरून जसं हळूच ओढतं, तशी. मी सरळ करायची, ती पुन्हा आपली डावीकडे. शेजारी हे वरची कडी धरून बसलेले. "अगं, कडेला चाललीय, कडेला!" एवढंच त्यांचं वाहतूक-ज्ञान.

संध्याकाळी भावजींनी गाडी चालवून पाहिली. ते स्टिअरिंग असं आवळून धरतात की जणू ते पळून जाणार आहे. अशा मुठीत हत्ती सापडला तरी सरळच चालेल. परत आले आणि चावी बोटावर फिरवत म्हणाले, "लोण्यासारखी चालते. वहिनी, गाडीत काही नाही. दोष तुमच्या हातात आहे."

"माझ्या हातात?"

"इतकी वर्षं मशीनवर डाव्या हाताने कापड ओढताय. हाताला सवय लागलीय. तो तिकडेच जाणार."

दुसरं काही बोलले असते तर मी तिथल्या तिथे परत केलं असतं. पण हे खरं वाटण्यासारखं होतं. मशीनवर कापडाचा सगळा पसारा सुईच्या डावीकडेच असतो, आणि डावा हात दिवसभर तो सांभाळत असतो. मी जेवताना माझ्या डाव्या हाताकडे बघायला लागले. पाण्याचा तांब्या उचलतानासुद्धा तो जरा जास्तच डावीकडे जातोय, असं वाटायला लागलं. ज्या हाताने घर उभं केलं, त्याच्यावरच माझा संशय. याचा राग मला भावजींपेक्षा स्वतःचाच जास्त आला.

तरी गाडी वर्कशॉपला नेली. तिथल्या फोरमनने ती चाकं तपासायच्या मशीनवर चढवली, चारही चाकांना आरसे लावले. पडद्यावर सगळे आकडे हिरवे. "मॅडम, चाकं अगदी सरळ आहेत," तो म्हणाला. "रस्त्याला कडेकडे उतार असतो ना, तेवढी गाडी जाणारच."

"नाचता येईना अंगण वाकडं!" भावजी मागून म्हणाले. वर्कशॉपमध्ये होते नव्हते ते सगळे हसले. आमचे हेही हसले. थोडंसंच, पण मी पाहिलं.

घरी आल्यावर भावजींनी निकाल लावला. "सोमवारपासून गाडी मी चालवतो. वहिनी, तुम्ही शेजारी बसा, माल उतरवून द्या. इतकं सोपं आहे." हे बटण लावता लावता मान वर न करता म्हणाले, "तो म्हणतोय तर ऐक. तुझ्याच जिवासाठी म्हणतोय."

मला भांडता आलं असतं. भांडणात मी कुणाला हार जात नाही, विचारा कुणालाही. पण माझा माल शाळेच्या फाटकाशी उतरतो आणि तिथे पोरं असतात. हात खरंच आपोआप डावीकडे जात असेल, तर त्या स्टिअरिंगला हात लावायचा मला हक्क नाही. म्हणून मीच म्हणाले, "शनिवारपर्यंत थांबा. तोवर गाडीतला दोष सापडला नाही, तर चावी तुमची." आणि एवढं बोलून आत गेले, तेव्हा मला मरणाचं वाईट वाटत होतं.

दुसऱ्या दिवशी एक गिऱ्हाईक नव्या शर्टाची ट्रायल द्यायला आलं. आरशासमोर उभं राहून कुरकुरायला लागलं, "डाव्या बाजूला झोळ पडतोय."

"उलटा घाला," मी सवयीने म्हणाले.

माझ्या दुकानात हा कायदाच आहे. झोळ दिसला, की शर्ट काढायचा, आतली बाजू बाहेर करायची आणि तसाच घालायचा. म्हणजे डावी बाजू उजव्या खांद्यावर येते. आता झोळ उजवीकडे गेला, तर दोष शर्टाचा. मी मुकाट्याने उसवते. झोळ जिथल्या तिथे राहिला, तर दोष अंगाचा. मग मी काही बोलत नाही, आतून भर घालून निभावून नेते. घरच्यांनाही यातून सुट्टी नाही. भावजींचे शर्ट मीच शिवते, आणि तेही दरवेळी 'काय हा पोरखेळ' म्हणत उलटा शर्ट घालून उभे राहतात.

त्या गिऱ्हाइकाचा झोळ उजवीकडे गेला. माझीच शिवण सरकली होती. "उसवते, परवा या," असं म्हणताना मी मध्येच थांबले. टेप माझ्या हातात तसाच राहिला. आम्ही सगळे गाडीला शहाणपण शिकवत होतो, पण तिला उलटं घालून कुणी बघितलंच नव्हतं.

शनिवारी मी यांना आणि भावजींना गाडीत घातलं आणि गोदामांच्या मागच्या काँक्रीटच्या लांब रस्त्यावर नेलं. सुट्टीमुळे तिथे चिटपाखरू नव्हतं. गाडीला बेताचा वेग दिला आणि दोन्ही हात वर केले.

"वहिनी!" भावजींचा आवाज फाटला. हे कडीला लोंबकळले. गाडी शांतपणे डावीकडे निघाली.

"भावजी, माझा डावा हात कुठे आहे?"

"वर आहे! धरा, धरा ते!"

"मग ओढतंय कोण?"

मी धरलं, थांबले. भावजींनी घाम पुसला आणि म्हणाले, "उतार असेल." मला हेच हवं होतं. मी गाडी वळवली आणि ज्या चाकोरीने गेलो, त्याच चाकोरीने परत आणली. उतार असता तर आता तो उजवीकडे पडला असता. मी पुन्हा हात सोडले. गाडी पुन्हा डावीकडेच गेली. भावजींनी खिडकीतून वाकून रस्ता न्याहाळला. 

म्हणजे हात सुटला, रस्ता सुटला. उरली गाडी. तिथून तशीच वर्कशॉपला नेली आणि फोरमनला म्हणाले, "पुढची दोन चाकं एकमेकांच्या जागी लावा. डावं उजवीकडे, उजवं डावीकडे. बाकी कशाला हात लावू नका."

तो म्हणाला, "मॅडम, मशीनवर तर सगळं..." आणि मध्येच थांबला. मग त्याचा चेहरा उजळला. "अरे हो की. मशीन चाकं कशी उभी आहेत ते सांगतं. टायर आतून कसा आहे, ते कुठे सांगतं!" त्याने स्वतः जॅक लावला. आता त्यालाही राहवत नव्हतं. चाकं बदलून तो आमच्याबरोबरच गाडीत बसला.

पुन्हा तोच रस्ता. मी हात सोडले. गाडी क्षणभर सरळ गेली. मग हळूच, अगदी तसंच बोट धरून, ती उजवीकडे निघाली.

मी ओरडले. गाडी थांबवून बाहेर उतरले आणि भर रस्त्यात टाळ्या वाजवल्या. फोरमनही हसत सुटला. भावजी खिडकीतून डोकं काढून किंचाळत होते, "अहो, हसताय काय? आता उजवीकडे ओढतेय! आणखी बिघडवून ठेवलीत!"

"भावजी, झोळ फिरला!" मी म्हणाले. "झोळ फिरला! म्हणजे अंग सरळ आहे, शर्ट वाकडा आहे!"

मग वर्कशॉपला परतून मागचं एक चाक पुढच्या एकेका चाकाच्या जागी लावून पाहिलं. दोषी टायर मागे गेला आणि गाडी दोरी धरल्यासारखी सरळ धावली. फोरमनने टायर उतरवून सगळ्यांना दाखवला. बाहेरून नवाकोरा, एक ओरखडा नाही. "आतला पट्टा बनवतानाच एका बाजूला सरकलाय," तो म्हणाला. "दिसायला गोल, पण धावताना एका अंगावर कलतो." म्हणजे अस्तर सरकलेला कोट. त्याचं खापर इतके दिवस माझ्या हातावर फुटत होतं. चोर सोडून संन्याशाला फाशी! कंपनीकडून नवा टायर मागवतो, असं त्याने आपणहून सांगितलं. वर हेही म्हणाला की यापुढे अशी तक्रार आली, तर आधी चाकं उलटी घालून बघणार.

"मॅडम, अंगण खरंच वाकडं होतं," तो म्हणाला. त्या दिवशी हसलेले सगळे तिथेच होते. या खेपेला हे सगळ्यात मोठ्याने हसले, आणि परत येताना त्यांनी वरची कडी धरली नाही.

सोमवारी माल भरला. भावजींनी चावी माझ्या कटिंगच्या टेबलावर ठेवली आणि शेजारच्या सीटवर जाऊन बसले, माल उतरवून द्यायला. मी चावी उचलली. डाव्याच हाताने उचलली, मुद्दाम.

गाडी सुरू करणार, तेवढ्यात पाहिलं तर भावजींचा हात त्यांच्या स्वतःच्या डाव्या खांद्यावर होता. ते बोटांनी तिथलं कापड चाचपत होते.

"वहिनी," ते हळूच म्हणाले, "माझा शर्ट तुम्ही दरवेळी उलटा घालायला लावता."

"हो."

"मग झोळ फिरतो, की तिथेच राहतो?"

त्यांचा डावा खांदा बोटभर खाली आहे. त्यांच्या लग्नाचा कोट शिवला, तेव्हापासून मला माहीत आहे. तेव्हापासून प्रत्येक शर्टात आतून दुहेरी पट्टी घालून मी तो वर उचलते आहे, आणि हे मी यांनासुद्धा कधी सांगितलेलं नाही.

"पट्टा लावा, भावजी," मी म्हणाले आणि गाडी रस्त्यावर काढली.