अठरा मिनिटांची प्रथा

आमच्या शाळेच्या समुपदेशक बाईंना आम्ही सेतूबाई म्हणायचो, कारण त्यांना जिथे तिथे पूल दिसायचे. दोन बाक जोडले की पूल, दोन मुलींनी एका डब्यातलं खाल्लं की पूल. बाहेरून येऊन इथे राहायला लागलेल्या कुटुंबांतली अकरा मुलं यंदा शाळेत आली, तेव्हा बाईंच्या आनंदाला नुसतं उधाण आलं. लगेच त्यांनी ‘दोन मनं, एक पूल’ नावाचा उपक्रम काढला. इथल्या एका मुलाची नव्या एका मुलाशी जोडी, एक तक्ता आणि वीस गुण. शिवाय तक्त्यावर नव्या घरातली एक ‘सुंदर प्रथा’ लिहिणं सक्तीचं. सुंदर हा शब्द बाई डोळे मिटून म्हणायच्या.

मला शाळेत कात्री म्हणतात. जीभ तशी आहे, नाकारत नाही. माझी जोडी लागली ती पाहुणीशी. आठ महिने आमच्या वर्गात बसत होती, गणितात माझ्या पुढे होती, तरी वर्गाने ठेवलेलं नाव पाहुणीच. नाव ठेवणाऱ्यांत मी पहिली, हेही सांगून टाकते.

या मुलांचे प्रवेश तात्पुरते होते. गणवेश आणि पुस्तकं शाळेने दिलेली, म्हणजे प्रवेश रद्द झाला तर परत करायची. वर्षाच्या शेवटी समन्वय समिती घरी जाऊन बघणार, कुटुंब ‘मिसळलं’ आहे का ते ठरवणार आणि मग प्रवेश कायम होणार. समिती म्हणजे मुख्याध्यापक, सेतूबाई, कॅमेरा गळ्यात अडकवलेले चित्रकलेचे सर आणि इतिवृत्त लिहायला माझी आई. आई शाळेच्या कार्यालयात लिपिक आहे. माणसं मिसळली आहेत की नाही हे बघायला निघालेल्या या मंडळींपैकी मुख्याध्यापक आणि चित्रकलेचे सर चार वर्षं एकमेकांशी बोलत नव्हते.

तक्ता करायला आम्ही ग्रंथालयात बसलो.

“सांग एखादी प्रथा,” मी म्हटलं.

“नाही काही. सकाळी आंघोळीला आधी कोण यावर भांडतो आम्ही.”

“ते आमच्याकडेही आहे.”

“मग लिही ना, दोघींकडे आहे म्हणून.”

तसं लिहून दिलं. सेतूबाईंनी तक्ता परत पाठवला आणि वर लाल शाईत लिहिलं, ‘अजून खोल जा.’ दुसऱ्यांदा आम्ही लिहिलं की दोघींचे वडील जेवताना बातम्या बघतात. तोही तक्ता परत आला. तिसऱ्या वेळी माझं डोकं फिरलं. एवढी खोल जायची हौस आहे ना, मग घ्या, असं म्हणून मी एका दमात लिहून काढलं: ‘यांच्याकडे घरी आलेले पाहुणे घरातली सर्वांत मोठी व्यक्ती बोलेपर्यंत तोंड उघडत नाहीत. शांततेतून आदर व्यक्त होतो.’

पाहुणी वाचून हसली, पण लगेच गंभीर झाली. “हे नको. मोठ्यांवरून नको.”

“अगं, कोण वाचतंय? वीस गुण मिळतील आणि सुटू.”

तिने खाली सही केली. बळजबरी नव्हती केली मी, पण पेन तिच्या हातात मीच दिलं.

बाईंना तक्ता इतका आवडला की तो त्यांनी मुख्याध्यापकांच्या दालनाबाहेर लावला. येणाऱ्या-जाणाऱ्याला थांबवून दाखवायच्या. “किती खोल! आपण मात्र नुसती बडबड करतो,” असं त्या दिवसातून दहा वेळा बोलून दाखवायच्या. मला हसू आवरेना. अख्खी शाळा मूर्ख आहे आणि एकटी मी शहाणी आहे, याची मला तेव्हा पक्की खात्री होती.

बुधवारी समिती पाहुणीच्या घरी निघाली. जोडीदार म्हणून मलाही नेलं. वेळ पाचची ठरली होती, पण मुख्याध्यापकांना पुढे कुठेसा सत्कार होता, म्हणून आम्ही साडेचारलाच धडकलो. टायरच्या दुकानावर दोन खोल्या. पाहुणीचे वडील फरशा बसवायचं काम करतात. कामावर उरलेले तुकडे आणून त्यांनी घरातली जमीन केली होती. निळा, राखाडी, पांढरा, मधेच एक फुलाचा तुकडा, पण सांधा कुठे म्हणून पायाला लागत नव्हता. दोरीवर कपडे वाळत होते. पलंगावर आजोबा बसले होते. पाहुणी नव्हती, ती बिस्किटं आणायला खाली गेली होती.

जिन्यातच सेतूबाईंनी सगळ्यांना बजावलं होतं, “लक्षात आहे ना? आजोबा बोलेपर्यंत अवाक्षर नाही.” मुख्याध्यापकांनी मान डोलावली. त्यांना कुणीतरी गप्प बसवतंय, हे दृश्य मी पहिल्यांदा बघितलं.

वडिलांनी दार उघडलं आणि खुर्च्या पुढे केल्या. आम्ही ओळीने बसलो. सेतूबाईंनी चेहऱ्यावर आदर आणला. तो आदर त्या पोटात दुखत असल्यासारखा दाखवतात. चित्रकलेच्या सरांनी कॅमेरा मांडीवर ठेवला. आईने वही उघडली. आणि सगळे मूग गिळून आजोबांकडे बघत बसले.

आजोबा आमच्याकडे बघत बसले. घरी आलेला साहेब आधी बोलतो, एवढं त्यांना आयुष्याने शिकवलं होतं. साहेब बोलेना, म्हणून तेही बोलेनात.

भिंतीवर घड्याळ होतं. पहिली चार-पाच मिनिटं मी गालाच्या आत जीभ चावून हसू दाबत होते. चहा आला. कुणी कपाला हात लावला नाही, कारण बाईंनी नजरेने नको म्हटलं होतं. पाहुणीची आई स्वयंपाकघराच्या दारात उभी राहून नवऱ्याकडे बघायला लागली. वडिलांना इथली भाषा कामापुरती येते. “साहेब, काही चुकलं?” त्यांनी विचारलं. मुख्याध्यापकांनी डोळे मिटून मान हलवली. त्याचा अर्थ हो की नाही, हे त्यांनाही सांगता आलं नसतं.

दहावं मिनिट उलटलं आणि वडिलांचा चेहरा बदलला. सरकारी वहीत काहीतरी लिहीत बसलेली, चहाला न शिवणारी, तोंडातून शब्द न काढणारी माणसं त्यांनी आधी कुठेतरी पाहिली असावीत. ते उठले. दोरीवरून मुलीचा गणवेश काढला. तो अजून ओला होता. त्यांनी तो मांडीवर घेऊन नीट घडी केली, बाही आत, कॉलर वर. कोपऱ्यातली पुस्तकं आणली, एकावर एक रचली, त्यांच्या कडा तळहाताने सारख्या केल्या. मग गणवेश पुस्तकांवर ठेवून सगळं दोन्ही हातांनी सेतूबाईंपुढे धरलं.

शाळेचं होतं, ते शाळेला परत करत होते. मला त्या क्षणी कळलं.

सेतूबाईंच्या डोळ्यांत पाणी आलं. त्यांनी मान झुकवून तो गठ्ठा घेतला, मांडीवर ठेवला आणि ओल्या कापडावरून हात फिरवला. बाईंना ती भेट वाटली. चित्रकलेच्या सरांनी फोटो काढला. वडील हात रिकामे करून उभे राहिले आणि मुख्याध्यापक त्यांच्याकडे बघून कौतुकाने हसले. इतका बिनडोक आदर मी आजवर पाहिला नव्हता, आणि त्या आदराची लेखिका मी होते.

बोलायला हवं होतं. बोलले तर तक्ता खोटा ठरणार, खाली पाहुणीची सही, समिती सही खोटी म्हणून प्रवेश नाकारणार. नाही बोलले तर हा माणूस असाच उभा राहणार. असला हिशोब करत मी बसून राहिले. खरं कारण वेगळंच होतं. माझी फजिती होईल म्हणून मी घाबरले होते.

पाहुणी दार ढकलून आत आली. तिने बाईंच्या मांडीवरचा गणवेश पाहिला, वडिलांना त्यांच्या भाषेत काही विचारलं, त्यांनी दोन शब्दांत उत्तर दिलं. मग ती माझ्याकडे वळली. “काय केलंस तू हे?”

“ती प्रथा खोटी आहे,” मी ओरडले. “मी बनवली. असलं काही नसतं यांच्यात!”

“श्श!” सेतूबाईंनी ओठांवर बोट ठेवलं. “आजोबा अजून बोललेले नाहीत.”

आईने मात्र वही मिटली. ती उठली, मुख्याध्यापकांच्या फायलीतून एक कागद काढला आणि वडिलांच्या हातात दिला. “भाऊ, तुमच्या मुलीचा प्रवेश कायम झालाय. कालच सही झाली आहे. आजची फेरी फोटोंसाठी होती.”

“अहो, काय करताय!” मुख्याध्यापक पुटपुटले. “तो शेवटी द्यायचा होता.”

आईने सेतूबाईंच्या मांडीवरचा गणवेश उचलला आणि परत दोरीवर टाकला. मी घड्याळाकडे पाहिलं. अठरा मिनिटं झाली होती. तो सही झालेला कागद तेवढा वेळ माझ्यापासून हातभर अंतरावर फायलीत पडून होता.

घरी आई मला एक शब्द बोलली नाही, तेव्हाच कळलं की प्रकरण गंभीर आहे. शाळेत सेतूबाईंनी प्रार्थनेनंतर भाषण ठोकलं आणि ‘भेटीचा हृद्य क्षण’ असं लिहून तो फोटो फळ्यावर चिकटवला. मी त्यांच्या दालनात जाऊन पुन्हा खरं सांगितलं. त्या म्हणाल्या, “तुला संकोच वाटतोय, ते स्वाभाविक आहे.” असल्या माणसापुढे कपाळावर हात मारून घ्यावा, दुसरं काय! फोटो मी मधल्या सुट्टीत काढून फाडला. त्याबद्दल मला शिक्षा झाली, ती मात्र तत्परतेने.

पाहुणी माझ्याशी बोलत नव्हती. शुक्रवारी पाण्याच्या नळापाशी ती आपणहून थांबली.

“तू ओरडलीस ते बाबांना कळलं नाही. मी त्यांना सांगितलंय की गप्प बसणं ही तुमची पद्धत आहे. तुमच्याकडे पाहुणे घरातलं मोठं माणूस बोलेपर्यंत असेच बसतात.”

“खोटं का सांगितलंस?”

“मग काय सांगू? माझ्या मैत्रिणीने आपल्यावर विनोद केला आणि मी खाली सही केली? घराची थट्टा होऊ देणारी मुलगी त्यांनी शाळेत पाठवली असती?” ती बाटली भरत राहिली. “आता ते रोज म्हणतात, पाहुणे मान द्यायला आले आणि आपण त्यांना कपडे परत केले. लाज वाटते त्यांना. लाज त्यांना वाटते, कळतंय का तुला?”

मी घरी आईला सांगितलं. आई भांडी घासत होती, तिने मागे वळूनही पाहिलं नाही. “एरवी जीभ चालते ना तुझी? मग जा आणि चालव.”

शनिवारी दुपारी मी गेले. जिन्यात तीन वेळा परत फिरले, चौथ्यांदा दार वाजवलं. दार पाहुणीने उघडलं. ती हळू आवाजात म्हणाली, “आलीच आहेस तर खरं सांग. दोन्हीकडे खोटं बोलून मला वीट आलाय. शाळा सुटली तर सुटली.”

आत वडील होते, आजोबा होते. मला पाहून वडिलांनी घाईने खुर्ची पुसली आणि ती आजोबांच्या समोर ठेवली. मी बसले. वडील बाजूला ताठ बसले, हात गुडघ्यांवर. कुणी काही बोललं नाही. मला वाटलं, हे चिडले आहेत. पण वडिलांनी आजोबांना हलकेच कोपराने ढोसलं. आजोबांनी घसा साफ केला, माझ्याकडे बघितलं आणि आमच्या भाषेतला एक शब्द, परीक्षेला बसल्यासारखा, सावकाश उच्चारला.

“बोला.”

त्यांनी तो माझ्यासाठी पाठ केला होता. आमच्या प्रथेसाठी. पुन्हा पाहुणे आले तर या वेळी चूक व्हायला नको म्हणून.

माझ्या डोळ्यांना धार लागली. तशीच रडत मी बोलले. सोप्या शब्दांत बोलले, वडिलांना कळावं म्हणून. ही पद्धत तुमची नाही, आमचीही नाही. मी वीस गुणांसाठी बनवली. तुमची मुलगी नको म्हणत होती. आम्हाला कुणाला तुमचा मान नव्हता ठेवायचा. त्यांना फोटो हवा होता आणि मला हसायचं होतं.

वडिलांनी मुलीकडे पाहिलं. तिने मान हलवली. “सही मी केली,” ती म्हणाली. मग वडिलांनी मला विचारलं, “मी उभा होतो, तेव्हा तुला माहीत होतं? सगळे का गप्प आहेत?”

“हो.”

“पहिल्यापासून?”

“हो.”

“किती वेळ?”

“अठरा मिनिटं.”

ते आजोबांशी त्यांच्या भाषेत बोलले. आजोबांनी एकच प्रश्न विचारला, वडिलांनी उत्तर दिलं. मग वडील माझ्याकडे वळले. आवाज चढलेला नव्हता.

“आता तू गप्प बस. अठरा मिनिटं. मग चहा. मग ही आणि तू अभ्यास करा, सोमवारी शाळा आहे हिची.”

मी बसले. वडील उभे राहिले नाहीत, आपल्या जागी बसून माझ्याकडे बघत राहिले. मला खाली बघायचं होतं, पण त्या दिवशी त्यांना खाली बघायची सोय नव्हती, म्हणून मीही बघितलं नाही. चौथ्या मिनिटाला मान अवघडली. सातव्या मिनिटाला वाटलं, कुणीतरी काहीतरी बोलावं, शिवी दिली तरी चालेल. पाहुणी स्वयंपाकघरातून स्टूल घेऊन आली. मला वाटलं, शेजारी बसेल. ती वडिलांच्या बाजूला, माझ्या बरोबर समोर बसली आणि घड्याळाकडे बघून म्हणाली, “अजून अकरा.”