हत्यार ठीक आहे

अमीदसाहेब त्या सकाळी वर्कशॉपमध्ये आले ते उजवा हात कोटाच्या खिशात घालूनच. बाळारामने ते पाहिलं आणि न पाहिल्यासारखं केलं. गेली दोन वर्षं तो हेच करत आला होता.

अमीद म्हणजे सौदी फौजेतला ब्रिगेडियर. त्यांचं नाव अबू मिशाल, पण निवृत्त होऊन बारा वर्षं झाली तरी हफ्र अल बातिन गावात कोणी त्यांना नावाने हाक मारत नसे. गावाबाहेर, वाळवंटाच्या तोंडाशी, चार दोस्तांना हाताशी धरून त्यांनी चांदमारीचं खाजगी मैदान उभं केलं होतं. दर हिवाळ्यात तिथे नेमबाजीची स्पर्धा भरायची, आणि पहिल्या वर्षापासून पिस्तुलाच्या रांगेतली पहिली जागा अमीदसाहेबांची असायची.

बाळाराम त्या मैदानाचा आर्मरर. कुडाळजवळच्या खेड्यातला माणूस. भारतीय फौजेच्या ईएमई शाखेत बावीस वर्षं हत्यारं दुरुस्त केली, हवालदार म्हणून सुटला आणि गावातले निम्मे पुरुष जिकडे गेले तिकडेच, आखातात, आला. इकाम्यावर, म्हणजे तिथल्या राहण्याच्या परवान्यावर, धंदा लिहिला होता मेकॅनिक. पण तसं लिहिलंय हे त्याला स्वतःला वाचता येत नव्हतं. अरबी लिहायला-वाचायला शिकवलं अमीदसाहेबांनी. कामाच्या टेबलावर रात्रीतून वाळूची पातळ साय धरायची. त्या सायीवर ते बोटाने अलिफ काढत, बे काढत, आणि बाळाराम पन्नाशीच्या वयात बालवाडीतल्या पोरासारखा त्यावरून बोट फिरवी. आठ महिने हे चाललं. चुकलं की ते रागावत नसत. तळहाताने वाळू सारखी करत आणि म्हणत, पुन्हा. मैदानाच्या रजिस्टरात हत्याराची नोंद अरबीत होते, आणि जे वाचता येत नाही त्यावर आर्मररने सही करू नये, एवढंच त्यांचं म्हणणं होतं.

त्या सकाळी ते स्टुलावर बसले. नसरुद्दीनने वेलदोड्याच्या कॉफीचा गहवा आणला. हा दापोलीकडचा, मैदानाचा स्वयंपाकी, चहावाला आणि गरज पडली तर दुभाष्याही. अरबांच्या रिवाजात पाहुण्याने रिकामी प्याली हलवली की पुरे झालं असं समजायचं. तोवर वाढणारा ओततच राहतो. अमीदसाहेबांची प्याली अलीकडे कायमच हलायची. नसरुद्दीनने मनाशी ठरवून टाकलं होतं की त्यांच्या बाबतीत हलण्याकडे बघायचंच नाही. तो ओतत राहायचा आणि नजर दुसरीकडे ठेवायचा.

यंदा स्पर्धेत कार्बाइनची नवी रांग सुरू होणार होती. कार्बाइन म्हणजे दोन्ही हातांनी धरायची, खांद्याला टेकवायची आखूड बंदूक, पण आत गोळी पिस्तुलाचीच. बाळारामची तिच्याशी जुनी ओळख. पलटणीत असल्या नऊ एमएमच्या शेकडो कार्बाइन त्याच्या हाताखालून गेल्या होत्या.

"पिस्तूल आता माझ्याच्याने होत नाही," अमीदसाहेब म्हणाले. इतक्या उघडपणे ते पहिल्यांदाच बोलत होते. "पण खांदा अजून माझा आहे. एक विश्वासाची निवडून दे, बलराम. एवढं एक वर्ष रांगेत उभा राहतो."

बाळारामच्या नावातला ळ त्यांच्या जिभेला नऊ वर्षांत जमला नव्हता. बाळारामने मान हलवली आणि कामाला लागला.

विश्वासाची म्हणजे काय, हे त्याला नीट ठाऊक होतं. कधी गोळी नळीत चढताना अडकते, कधी रिकामं काडतूस बाहेर पडता पडता दारातच चिमटून बसतं. पलटणीत याला रोक म्हणत. स्पर्धेचा नियम असा की रोक पडली तर ती ज्याची त्याने काढायची, आणि ती काढताना नळीचं तोंड समोरच्या मातीच्या बांधावरून हलता कामा नये. हललं की माणूस रांगेबाहेर. धड माणसाला हे दोन सेकंदांचं काम. पण ज्याची बोटं सांगितलेलं ऐकत नाहीत त्याने चारशे लोकांदेखत बोल्टच्या, म्हणजे गोळी नळीत ढकलणाऱ्या सरकत्या लोखंडाच्या, मुठीशी झटत बसायचं, हे चित्र बाळारामला डोळ्यांपुढे आणवत नव्हतं. म्हणून नेम, रूप, किंमत सगळं मागाहून. आधी, अडकणार नाही अशी.

रियाधच्या व्यापाऱ्याने मैदानाच्या लायसनवर तीन कार्बाइन पारखायला पाठवल्या. पेट्या उघडताच नसरुद्दीनने तिघींचं बारसं उरकलं. पहिली हलकी, काळी, नाजूक कमरेची. ती नवरी. दुसरी जुन्या बनावटीची, लोखंड आणि लाकूड, उचलताना कमरेत कळ यावी अशी. ती म्हैस. तिसरीला जिकडे तिकडे स्क्रू. खांद्याला टेकवायचा दस्ता मागेपुढे होई, गालाची पट्टी वरखाली होई. तिचं नाव वकील.

"का रे, वकील का?" बाळारामने विचारलं.

"पाहिजे तसं वळतं ना दादा. आणि खरं काम आलं की बघ, तारीख मागील."

नसरुद्दीनचं भाकीत खरं ठरलं. बाळारामने आठवडाभर रोज सकाळी तिघींनाही खांद्याला लावलं. मध्ये तेलपाणी नाही, पुसणं नाही. तीनशे-तीनशे गोळ्या. एक दिवस मुद्दाम वारा सुटल्यावर, वाळू दातांत करकरत असताना. टेबलावर गहव्याच्या तीन प्याल्या ठेवल्या होत्या. जिची रोक पडेल तिच्या प्यालीत खजुराची एक बी. शेवटी वकिलाच्या प्यालीत चार बिया होत्या, नवरीच्या अकरा, म्हशीची प्याली कोरडी.

निकाल सरळ होता. पण अमीदसाहेबांनी म्हैस खांद्याला लावली तेव्हा चौथ्या श्वासाला तिचं तोंड खाली आलं. त्यांनी ती टेबलावर ठेवली. वकिलाच्या स्क्रूंकडे तर त्यांनी बघितलंही नाही. नवरी मात्र त्यांच्या हातात बसली. बसली म्हणताच त्यांचा चेहरा असा उजळला की बाळाराम मनातल्या मनात तिच्याच बाजूचा झाला.

त्याने तिच्या अकरा बियांचा माग काढला. गोळ्या भरायची मॅगझिन पाच होती. प्रत्येकावर खडूने आकडा टाकून पुन्हा गोळ्या चालवल्या. अकरांपैकी नऊ दोष दोन आणि चार नंबरच्या मॅगझिनचे निघाले. त्यांचे वरचे ओठ फाकले होते, त्यामुळे गोळी तिरकी वर येई. उरलेले दोन चपट्या तोंडाच्या गोळीचे. ती दोन मॅगझिन बाजूला काढली, गोळी गोल तोंडाची धरली आणि दोनशे सरळ चालवल्या. प्याली कोरडी राहिली. बाळारामला कित्येक वर्षांत इतका आनंद झाला नव्हता. त्याने अमीदसाहेबांना निरोप पाठवला की गुरुवारी या.

गुरुवार म्हणजे तेव्हा तिथल्या सुट्टीचा दिवस. सभासदांची आठ-दहा मुलं छऱ्याच्या बंदुका घेऊन शिकायला येत, आणि त्यांना अमीदसाहेब शिकवत. मुलं सतरंजीवर बसली होती. एकाचा नेम सगळा डावीकडे गेला होता आणि तो फुरंगटला होता. अमीदसाहेबांनी नेहमीचा प्रश्न टाकला. नेम चुकला तर आधी काय बघायचं? हत्यार, मुलं एका सुरात म्हणाली. हत्यार ठीक असेल तर? गोळी. गोळी ठीक असेल तर? मॅगझिन. छऱ्याच्या बंदुकीला मॅगझिन नसतं, पण ते पुढची तयारी करून घेत होते. आणि तेही ठीक असेल तर? मुलांनी हसत आपापल्या छातीवर बोट ठेवलं. मग स्वतःला बघायचं, लाज न बाळगता, असं म्हणून अमीदसाहेबांनी त्या फुरंगटलेल्याच्या खांद्याचा कोन नीट करून दिला. डाव्या हाताने.

मुलं गेल्यावर ते रांगेत उभे राहिले. नसरुद्दीन थर्मास घेऊन चार पावलं उजवीकडे उभा होता. पहिल्या तीन गोळ्या गेल्या. चौथीला बोल्ट मध्येच थांबला आणि रिकामं काडतूस दारात अडकलं.

अमीदसाहेबांनी बोल्टच्या मुठीला उजवा हात घातला. बोटं घसरली. पुन्हा घातला. तिसऱ्यांदा त्यांनी सगळं अंग लावलं, आणि त्या ओढाताणीत नळी बांधावरून निघाली, हळूहळू उजवीकडे फिरली आणि नसरुद्दीनच्या पोटाशी येऊन थांबली. मुठीवरून सुटलेलं बोट आता ट्रिगरजवळ होतं.

बाळारामने तळहाताने नळी खाली दाबली.

अमीदसाहेबांनी चमकून त्याच्याकडे पाहिलं. त्यांना कळलंच नव्हतं. नळी कुठे गेली होती, तिच्यापुढे कोण होतं, काही म्हणजे काही. ते फक्त म्हणाले की स्प्रिंग फार कडक आहे, ती बघ. शनिवारी परत येतो. गाडी धुरळा उडवत गेली. नसरुद्दीन थर्मास उराशी धरून तसाच उभा होता, आणि आज मात्र त्याच्याजवळ थट्टा नव्हती.

दुपारी बाळाराम एकटाच रांगेत गेला. त्याच्या जुन्या उस्तादांनी त्याला पहिल्याच आठवड्यात सांगितलं होतं की हत्यार पारखायचं ते ज्याच्या हाती जाणार आहे त्याच्या खांद्याने. बावीस वर्षं त्याने हे पाळलं, आणि नेमकं इथे तो ते विसरला होता. की विसरायचंच होतं? त्याने खांदा सैल सोडला, कोपर लुळं केलं, अमीदसाहेबांची पकड आठवून तशी पकड धरली. चौथ्या गोळीला रोक. पुन्हा सातव्या गोळीला. हलकी बंदूक, सैल खांदा. धक्क्याबरोबर अख्खी कार्बाइन मागे सरकते आणि बोल्टला पुरतं मागे जायला जागाच मिळत नाही. मग त्याने खांदा आवळला आणि तीस गोळ्या पाण्यासारख्या गेल्या.

उपाय होता. स्प्रिंग थोडी नरम बसवायची, अर्ध्या दिवसाचं काम. मग सैल खांद्यावरही ती चालली असती. बाळारामने स्प्रिंग काढून हातात घेतलीसुद्धा. पण तिच्याकडे बघता बघता त्याला नळीपुढचं नसरुद्दीनचं पोट दिसू लागलं. बंदूक चालती करणं त्याच्या हातात होतं. ती कुठे बघते आहे हे ज्याला उमगत नाही त्याच्या हातात ती द्यायची की नाही, एवढंच उरलं होतं. त्याने स्प्रिंग होती तशी परत बसवली.

नसरुद्दीनने त्याच्या शेजारी बूड टेकलं. त्याने सगळा विचार करून ठेवला होता. तिन्ही कार्बाइन नालायक म्हणून लिहायचं, परत रियाधला धाडायच्या. स्पर्धेला दहा दिवस राहिलेत, नवीन येत नाही. अमीदसाहेब व्यापाऱ्याला चार शिव्या घालतील आणि मोकळे होतील. कोणाचं मन मोडायला नको, आणि तुझी नोकरीही शाबूत.

"ती बंदूक चांगली आहे, नसरू."

"बंदुकीला कुठे वाईट वाटणार आहे दादा?"

खोटं बोलणं बाळारामला नवं नव्हतं. दर पत्रात घरी सगळं ठीक आहे म्हणून तो लिहीतच असे. पण त्या रजिस्टरातलं प्रत्येक अक्षर त्याला ज्याने शिकवलं, त्यालाच त्या अक्षरांनी फसवायचं? त्याने पेन घेतलं. म्हशीपुढे लिहिलं, योग्य, वजन जास्त. वकिलापुढे लिहिलं, दुरुस्ती हवी. नवरीची ओळ त्याने शेवटी ठेवली होती. मग उजवीकडून डावीकडे, हळूहळू, एकेक टिंब देत त्याने लिहिलं, हत्यार ठीक आहे. गोळी ठीक आहे. मॅगझिन ठीक आहे. आणि खाली सही केली.

शनिवारी अमीदसाहेब आले. बाळारामने रजिस्टर त्यांच्यापुढे ठेवलं आणि स्वतः म्हशीचा बोल्ट पुसायला घेतला, जो पुसलेलाच होता. त्यांनी चष्मा लावला. बोट ओळीखाली धरून ते वाचू लागले, तसं बोट कागदावर बारीक टकटक वाजू लागलं.

"हत्यार ठीक आहे?" त्यांनी विचारलं.

"ठीक आहे, साहेब."

"गोळी?"

"ठीक आहे."

"मॅगझिन?"

बाळारामने मान हलवली.

अमीदसाहेब पुढे काही विचारणार म्हणून तो थांबला. पुढचा प्रश्न दोघांनाही पाठ होता. बाहेर वाऱ्याने नेमबाजीचं पत्र्याचं लक्ष्य खडखडत होतं. अमीदसाहेबांनी हळूच आपला उजवा हात उचलला, स्वतःच्या डोळ्यांपुढे धरला, आणि एखाद्या अनोळखी वस्तूकडे बघावं तसे त्याच्याकडे बघत राहिले.

"काल नळी कुठे गेली होती?" त्यांनी विचारलं. तो काल नव्हता, परवाचा दिवस होता. बाळारामने दुरुस्त केलं नाही.

"नसरुद्दीनकडे."

त्यांचे डोळे दाराकडे गेले. दारात नसरुद्दीन गहवा घेऊन उभा होता आणि जमिनीकडे बघत होता. अमीदसाहेबांनी पेन मागितलं. बाळारामच्या सहीखाली मैदानाच्या प्रमुखाची सही लागते. ती त्यांनी केली. ती दोन ओळींवर सांडली, आणि तिला इतका वेळ लागला की बाळारामला मान वर करवेना. ही कार्बाइन मैदानासाठी ठेवून घे, ते म्हणाले. कोणा धड खांद्याच्या माणसाला दे. मग त्यांनी टेबलावरच्या वाळूवरून तळहात फिरवून ती सारखी केली, पण तिच्यावर काही लिहिलं नाही.

"अक्षर चांगलं झालंय तुझं," ते म्हणाले.

नसरुद्दीनने प्याली त्यांच्या हातात दिली. त्यांनी गहवा प्यायला. रिकामी प्याली बोटांत हलत राहिली, आणि सवयीप्रमाणे नजर दुसरीकडे ठेवून नसरुद्दीनने पुन्हा ओतायला हात पुढे केला. अमीदसाहेबांनी प्यालीवर आपला डावा हात ठेवला. तो हात मात्र अगदी स्थिर होता.