चौकटी कंसातली आई

केतनने पायथन या संगणकाच्या भाषेत आईचा क्लास लिहिला, म्हणजे नव्या तऱ्हेच्या वस्तूचा आराखडा. आई, म्हणजे सोनाबाई, गेल्याला एक पावसाळा उलटला होता. किहीमच्या घरात तो एकटाच, आणि कंपनीचं कामही घरूनच. म्हणजे दिवसभर बोलायला संगणक, आणि तोही चुकलं तरच बोलणारा.

आईचे व्हॉइस मेसेज फोनमध्ये पडून होते. क्लासमध्ये 'गेटआयटम' लिहिलं की पायथन आपल्या वस्तूलाही चौकटी कंस लावू देतं. कंसात आकडा घाला, त्या क्रमांकाचा मेसेज. शब्द घाला, त्या विषयाचा. अशा शब्दाला चावी म्हणतात. आई["सुकट"] म्हटलं की सोनाबाई सुकट कशी भाजायची ते सांगे, मध्येच मांजराला हाकलत. जिवंतपणी तिच्याकडून इतकं मुद्द्याचं उत्तर कधी मिळालं नव्हतं.

पण आई["ताप"] म्हटल्यावर लाल अक्षरांत आलं, अशी चावी नाही. ते काही त्याला सोसवेना. मग त्याने सोय केली. जे सापडणार नाही, त्याला तिच्याच आवाजात एकच उत्तर: "जेवलास का?"

रविवारी दुपारी त्याने सगळे मेसेज ओळीने लावले. शेवटचा संपला. मग "जेवलास का?" मग पुन्हा तेच, आणि पुन्हा. पायथन एकेक आकडा वाढवत पुढचा मेसेज मागत राहतं, आणि 'नाही' आलं की थांबतं; केतनने तर 'नाही'च काढून टाकलं होतं. तो हात न लावता ऐकत बसला.

शेजारची मैनाकाकू, आईची जुनी मैत्रीण, धावत आली. "अरे, कवाची इचारते ती! जवाब तरी दे मेल्या!"

केतनने ते थांबवलं आणि तिला सगळं समजावलं. काकूने पदराला हात पुसले. "मंग माझा नाव घाल. बघू, काय बोलली व्हती."

आई["मैना"].

"जेवलास का?"

"ही सोनी न्हाय," काकू म्हणाली. "ठावं नसलं का सरळ सांगायची, मना न्हाय म्हाईत. उगा गोड बोलनारी बाई नव्हती ती."

"मग काय करू?"

"न्हाय त न्हाय, बोलूंदे ना तिला."

काकू गेली. केतनने सोयीची ओळ खोडली आणि पहिल्यापासून पुन्हा लावलं. शेवटच्या मेसेजमध्ये सोनाबाई पाण्याच्या मोटारीवर चिडली होती. वाक्य अर्ध्यावरच तुटलं. त्यापुढे काही आलं नाही.

केतनने संगणक बंद केला. मग भात लावायला उठला. एका माणसाला तांदूळ किती, ते त्याने अंदाजानेच घेतले. जास्तच झाले.