पिवळ्या पट्टीपलीकडची लोकर

सल्ला द्यायला आत्या सदैव तयार, घ्यायचा म्हटलं की मात्र तिच्या जिवावर यायचं. भाचीच्या होणाऱ्या बाळासाठी लोकर घेताना दुकानदार म्हणाला होता, "ताई, सहा गुंडे न्या. हा लॉट संपला की रंग जुळायचा नाही." "मला शिकवू नका," म्हणत तिने पाचच उचलले.

मग साथ आली, बाळ आलं, शनिवारी ते इस्पितळातून घरी जाणार होतं आणि पाचही गुंडे संपले तरी स्वेटरला अजून एकच बाही होती. इस्पितळात कुणाला सोडत नव्हते, पण दारावर दिलेली पिशवी आत पोहोचायची. बाळाला मांडीवर घेणं नशिबात नाही, निदान आपला स्वेटर तरी त्याच्या अंगाला लागावा, एवढ्यासाठी आत्याचा जीव तुटत होता.

गुरुवारी सकाळी तिने मानापमान गुंडाळून ठेवला आणि दुकान गाठलं. साबण, तांदूळ, बिस्किटं विकायला मोकळी होती. लोकरीच्या कपाटावर पिवळी पट्टी आणि पाटी होती: 'अनावश्यक वस्तू. विक्री बंद.'

"अनावश्यक? बाळाला उघडं ठेवायचं का?"

"विकलं तर दुकानाला टाळं लागेल, ताई. आणि तुमचा लॉट तर कधीच संपला."

आत्याचा चेहरा एवढासा झाला. दुकानदाराने तो पाहिला, मग भिंतीकडे पाहिलं. नवा लॉट आला की त्यातल्या लोकरीचा एक छोटा स्वेटर स्वतः विणून तो नमुना म्हणून तिथे टांगायचा; आत्याच्या लॉटचा अजून तिथेच होता. त्याच्या ढिल्या टाक्यांना आत्याने वर्षानुवर्षं नावं ठेवली होती.

"हा विकाऊ नाही. कधीच नव्हता," म्हणत त्याने तो खाली काढला, गाठ कापली आणि धाग्याचं टोक तिच्याकडे फेकलं. दोघांमध्ये आखून दिलेलं अंतर राखून तो उसवू लागला, ती गुंडाळू लागली.

"टाके ढिले म्हणून बघा कसे भराभर सुटताहेत," आत्या म्हणाली. ही तिची शाबासकी होती.

तेवढ्यात तपासणीचे साहेब दारात उभे. "काय विकताय?"

"विकत नाही साहेब, उसवतोय."

साहेबांनी हातातली यादी वरून खाली आणि खालून वर वाचली. "उसवण्याबद्दल यात काही नाही," ते गंभीरपणे म्हणाले.

"मग जरा या धाग्याखाली हात वर धरा. खिळ्यात अडकतोय," आत्याने फर्मावलं. धागा संपेपर्यंत साहेब हात वर करून उभे राहिले. त्यांच्यामागे खोळंबलेली गिऱ्हाइकांची रांग हसू लागली.

शुक्रवारी रात्री स्वेटरची पिशवी इस्पितळाच्या दारावर पोहोचली. शनिवारी भाचीची गाडी आत्याच्या फाटकाशी थांबली. काच बंदच ठेवून तिने बाळाला उचलून दाखवलं आणि फोन लावला.

"आत्या, एक बाही सरळ आणि एक कुरळी कशी गं?"

"उसवलेली लोकर तशीच दिसते. दे परत, धुऊन नीट विणते."

"मुळीच नाही. हिला तीच आवडलीय."

आत्याने डोळे बारीक करून पाहिलं. काचेआड ती इवलीशी मूठ कुरळ्या बाहीला घट्ट धरून झोपली होती. आपलंच बोट धरलंय असं आत्याला वाटलं, आणि हसता हसता तिला रडू आलं.