आर्लिसची थांबायची खोड

आर्लिस कॉडिलच्या मागे बसून मी ड्रम वाजवले ते दातओठ खात. गडी गायचा सोन्यासारखा, पण एक ओळ म्हटली की गप्प. ताल पुढे निघून जायचा, गिटार ताटकळायची आणि हा आपला डोळे मिटून उभा. मग सावकाश दुसरी ओळ.

"मध्येच डुलकी लागते का रे तुला? सदा उशीर!" मी खेकसायचो.

"तुला कसली घाई? बायको वाट बघतेय?"

"ती गेली माहेरी, तुझी ओळ संपेना म्हणून."

हसायचा, पण खोड सोडायचा नाही. मग ती रिकामी जागा मीच ठोकून भरून काढायचो.

मार्चमध्ये त्याचे वडील होबर्ट गेले. केंटकीच्या डोंगरात, कोळशाच्या खाणीपाशी त्यांचं लाकडी चर्च आहे. तिथे ते भजन सांगायचे. वाद्याला तिथे दाराच्या आत थारा नाही. सांगणारा एक ओळ भरभर म्हणतो आणि थांबतो. मग सगळी मंडळी तीच ओळ उचलून लांबवत गातात. मी खालच्या गावातला, आमच्या चर्चमध्ये पियानो. हे नुसतं ऐकून होतो.

आर्लिस गिटार घेऊन दारूच्या गुत्त्यांत गायला लागला, तेव्हापासून त्या मंडळींनी त्याला टाकलं होतं. म्हाताऱ्याने मात्र बजावून ठेवलं होतं, माझं शेवटचं भजन आर्लिसच सांगेल. पण सांगून काय उपयोग? मंडळींनी ओळ उचलली नाही, तर भजन तिथेच पडतं. जन्मभर इतरांना गायला लावणारा माणूस गाण्याशिवाय मातीत गेला असता.

"नाही उचलली तर?" शवपेटीपाशी आर्लिसने मला विचारलं.

"मी उचलेन."

"तू? बाबा उठून पळतील."

तो पुढे झाला. "पैलतीरी दिवा लागला, बापा, मला ओळख दे," एका दमात म्हणाला आणि डोळे मिटून थांबला.

कुणी हललं नाही. पहिल्या बाकावर होबर्टची थोरली बहीण, व्हर्डी आत्या, ओठ आवळून बसली होती. आणि मला ते थांबणं ओळखू आलं. गुत्त्यातलंच, तेवढंच लांब. माझी बोटं सवयीने मांडीवर वाजायला निघाली, ती मी मुठीत धरली.

तेवढ्यात आत्याच्या फाटक्या आवाजाने पहिला शब्द उचलला. मागून खाणीच्या धुळीने छाती गेलेले म्हातारे, त्यांच्या बायका, सुना, सगळे उठले. ताल नाही, सूर एक नाही, जो तो आपल्या वाटेने, तरी सगळे एकत्र. पायाखालच्या फळ्या थरथरू लागल्या. माझ्या अंगावर सरसरून काटा आला. मोठमोठ्या जत्रा वाजवल्यात मी, पण देवा, माणसांच्या गळ्यात एवढं असतं हे मला माहीत नव्हतं! गुत्त्यात, जत्रेत, रेडिओवर, प्रत्येक ओळीनंतर आर्लिस या लोकांसाठी थांबत होता.

ओळ संपली. तिथल्या रीतीप्रमाणे आत्या हात मिळवायला पुढे आली आणि तिने त्याचा हात धरूनच ठेवला.

"आत्या, मला परत यायला जरा उशीर..."

"गप. पुढची ओळ सांग," ती म्हणाली. "उशीर आम्हाला झाला, पोरा."